पेटी

मतदान संपल्यावर तासाभराने
ते दोघं माझ्या पेट्रोलपंपावर येतात,
दर दोन वर्षांनी, नोव्हेंबरात,
आयोवातला मका कापून झालेला असतो तेव्हा.
व्हर्लिन ऑस्ट्रँडर. मार्व्हा क्लिंगमन.
एक या पक्षाचा, एक त्या पक्षाची,
आणि दोघांमधे सीलबंद पेटी,
कारण नियमच तसा:
एकट्याच्या हाती मतं द्यायची नाहीत.
कचेरीपर्यंत एकाच गाडीतून जायचं.
बत्तीस मैल.

यंदा गाडी मार्व्हाची.
भांडत आले हे मी काचेतूनच ओळखलं.
त्याला हीटर हवा, तिला खिडकी उघडी.
रेडिओवर एकमत कधीच नाही, म्हणून तो बंद.
"याने माझ्या अंगणातली पाटी उपटली," ती मला सांगते.
"वाऱ्याने पडली."
"वारा बरा तुझ्या पक्षाचा!"

माझ्या डोक्यावर टीव्ही.
लाल तुकडे, निळे तुकडे,
कुणी गोधडी उसवून
रंगारंगाचे ढीग घालत बसल्यासारखे.
फोनवर ग्राट्सहून माझी आतेबहीण अझेमिना:
"तुमच्याकडे आता युद्ध होणार म्हणतात. खरं का गं?"

तुमच्याकडे.
अठ्ठावीस वर्षं झाली मला इथे.
छातीवर बिल्ला आहे, सेनादा,
आणि कॉफी घेता घेता लोक अजून विचारतात,
"मूळची कुठली?"
तिकडे मी अमेरिकन,
इकडे माझे उच्चार.
मी दोघांनाही हो म्हणते
आणि सुट्टे पैसे परत देते.

युद्ध कसं येतं ते अझेमिनाला माहीत आहे.
ते भांडत येत नाही.
आमच्या गल्लीत भांडणं होतीच,
सांडपाण्यावरून, कोंबड्यांवरून,
कुंपणावर झुकलेल्या आलुबुखारच्या फांदीवरून.
मग एका वसंतात शेजारी फार नम्र झाले.
दार ओढून घेताना आवाज होऊ नये म्हणून जपू लागले.
आई भिंतीवर थाप मारायची,
पलीकडून थाप यायची,
म्हणजे कॉफी उकळली, या.
ती यायची थांबली.

एवढ्यात व्हर्लिनला जायचं असतं.
वय झालंय, थांबवत नाही त्याला.
आता पंचाईत:
पेटी बाथरूममधे न्यायची नाही
आणि पेटीपाशी मार्व्हाला एकटीला सोडायचं नाही.
"तू कुठल्या पक्षाची?" तो मला विचारतो.
"कुठल्याच नाही."
"मग तू चालणार नाहीस,"
दोघं एकदम म्हणतात,
आणि एकमेकांकडे जरा चमकून बघतात.

शेवटी मार्व्हा पेटी कडेवर घेते,
हट्टी पोर घ्यावं तशी,
आणि बाथरूमच्या दाराला पाठ लावून उभी राहते.
आतून आवाज:
"आहेस का?"
"आहे."
"पेटी?"
"आहे रे बाबा. आटप लवकर."
नळाचा आवाज.
"मार्व्हा?"
"अरे, आहे म्हटलं ना!"

सहा वेळा विचारलं त्याने.
काडीचा विश्वास नाही त्याचा तिच्यावर,
तिचाही नाही, हे ती मला
हातवारे करून सांगत होती,
आणि दर वेळी उत्तर देत होती.

बाहेर येऊन त्याने पेट्रोलचे अर्धे पैसे मोजले,
अगदी सेंटपर्यंत.
तिने मोजून घेतले.
गाडीचा मागचा एकच दिवा लागतो.
तो बराच वेळ दिसत राहिला,
इथला रस्ता इतका सरळ आहे.

अझेमिनाचा प्रश्न तसाच पडलेला.
मी लिहिते, "माहीत नाही." खोडते.
लिहिते, "अजून दाराआडून बोलतात."
तेही खोडते.
तिला काय कळणार कुठलं दार.

लादी पुसायला घेते.
टीव्हीवर आकडे पळतायत,
आमचा जिल्हा अजून करडा.
आमची मतं वाटेत आहेत,
अंधारात, कुठेतरी विसाव्या मैलावर,
खिडकी उघडी की बंद
कोण जाणे.